जिरेनियमचं तेल: गुलाबाचा वास, पण पानातला

जिरेनियम म्हटलं की आमच्या धुळे-जळगावकडे लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, एकरी किती सुटतात? यूट्यूबवरचे व्हिडिओ पण सगळे त्याच्यावरच, शेतकरी हिरव्यागार वावरात उभा आणि खाली मोठ्या अक्षरात लाखांचा आकडा. पण ते तेल पुढे जातं कुठे, लावतात कशाला, त्यात असतं काय, हे कोणी विचारतच नाही. मला नेमकं त्यातच रस आहे कारण मी घरी साबण करते, आणि माझ्या मामेभावाने पारोळ्याकडे दोन वर्षांपूर्वी कपाशी कमी करून जिरेनियम लावलंय, त्यामुळे तेल मला ओळखीच्या ठिकाणाहून मिळतं आणि ते निघताना बघायला पण मिळतं. मैत्रिणी सारख्या विचारतात, केसांना लावू का, चेहऱ्याला लावू का, पिऊ का (हो, हे पण विचारलंय एकीने), म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते.

सगळ्यात आधी, हे तेल फुलांतून निघत नाही. वास गुलाबाचा म्हणून सगळ्यांना वाटतं गुलाबी फुलं तोडून उकळत असतील, तर तसं काही नाही, तेल सगळं पानांत आणि कोवळ्या शेंड्यांत. पान हातावर चुरलं की लगेच कळतं. मामेभाऊ येईल त्याला हेच सांगत असतो, "तेल पानमा शे, फूलमा काहीच नही." झाडाचं शास्त्रीय नाव पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. नर्सरीत लालभडक फुलांचं जे कुंडीतलं जिरेनियम मिळतं ते याचं भावंड, त्याच्या पानातून हे असलं तेल मिळत नाही, त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीवर प्रयोग करत बसू नका.

काढायची पद्धत तशी साधी आहे. पाला कापायचा, थोडा सुकू द्यायचा, मोठ्या स्टीलच्या टाकीत दाबून भरायचा, बॉयलरमधून खालून वाफ सोडायची. वाफ पाल्यातून वर जाताना तेल सोबत घेऊन जाते, मग ती पाइपातून कंडेन्सरमध्ये, तिथे गार पाण्याने थंड होऊन तिचं परत पाणी होतं आणि सेपरेटरमध्ये तेल वर, पाणी खाली. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वरचा थर अलगद काढून घेता येतो. एक टन पाल्यातून साधारण एक किलो तेल, हा हिशोब शेतकरी तोंडपाठ सांगतात, पावसाळी पाला असेल तर त्याहून कमी कारण पानात पाणीच जास्त. पहिल्यांदा बघणाऱ्याचा तर विश्वासच बसत नाही, ट्रॉलीभर पाला आत गेला आणि बाहेर काय आलं तर एक छोटा कॅन.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. ताजं काढलेलं तेल लगेच छान वास मारत नाही! भट्टीवरच्या तेलाला कोबी उकडल्यासारखा एक वास असतो, डायमिथाइल सल्फाइड नावाचा एक गंधकवाला पदार्थ त्यात असतो त्याचा. तेल थोडे दिवस मुरू दिलं, हवा लागू दिली की तो उडून जातो आणि मग खालून गुलाब वर येतो. भट्टीवर जाऊन वास घेऊन नाक मुरडून परत आलेले लोक मी बघितलेत, त्यांना वाटतं भावाने फसवलं.

आता आत काय असतं ते. मुख्य दोन, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल, आणि गंमत म्हणजे खऱ्या गुलाबाच्या तेलातले पण मुख्य घटक हेच दोन. म्हणून वास जुळतो. पण जिरेनियममध्ये आयसोमेंथोन पण असतं, त्याने मागे एक पुदिन्यासारखी गार हिरवी झाक येते, आणि ज्याने दोन्ही हुंगलेत त्याला फरक लगेच कळतो. शिवाय लिनलूल, सिट्रोनेलिल फॉर्मेट असे बाकीचे. कुठल्या देशातलं, कुठल्या जातीचं यावर प्रमाण बदलतं, रियुनियन बेटावरचं बर्बोन म्हणून ओळखलं जातं ते परफ्यूमवाल्यांचं फार लाडकं. बाजारात मोठा माल इजिप्त आणि चीनचा. आपल्याकडे आधी निलगिरी, कोडाईकनाल, येरकाडच्या डोंगरात होतं, थंड हवेचं पीक म्हणूनच. पुढे लखनौच्या सीमॅपने (औषधी आणि सुगंधी वनस्पतींची सरकारी संशोधन संस्था) नव्या जाती, रोपं वाढवायची तंत्रं काढली, २०१७ पासून सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेचं अरोमा मिशन सुरू झालं आणि सुगंधी पिकं अशी मैदानात आणि आमच्याकडे पसरायला लागली.

खऱ्या गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात आणि भाव लाखांत जातो. त्यामुळे साबण, क्रीम, अगरबत्ती, टाल्कम, सेंट यात गुलाबाचा वास पाहिजे असेल तर कंपन्या जिरेनियमकडे वळतात. माझं ठाम मत असं आहे की या तेलाचा खरा उपयोग हाच, वास. बाकी सगळे उपयोग नंतरचे. लोक उलटं करतात, औषध म्हणून घेतात आणि वास छान आहे म्हणजे बोनस समजतात.

तरी औषधी म्हणून जे बोललं जातं त्यात अगदीच दम नाही असं पण नाही, काही गोष्टी तपासलेल्या आहेत. सगळ्यात इंटरेस्टिंग मला वाटली ती नागिणीची. नागीण बरी झाल्यावर पण महिनोन्महिने त्या जागी जी आग होते, कपडा लागला तरी माणूस कळवळतो, त्या दुखण्यावर २००३ साली अमेरिकेत जिरेनियम तेल लावून चाचणी झाली होती आणि काही मिनिटांत दुखणं कमी झाल्याचं आढळलं. पण लक्षात घ्या, छोटी चाचणी, आराम तात्पुरता, आणि ते नागीण जाऊन कातडी भरल्यानंतरच्या दुखण्यावर होतं. फोड ओले असताना वर तेल ओतायचं नाही, तेव्हा सरळ डॉक्टरकडे, कारण नागिणीची अँटिव्हायरल गोळी पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते आणि आपल्याकडे ते दिवस उतारा-मंत्रात आणि गेरू लावण्यात जातात, हा माझा जुना राग आहे, असो.

दुसरं म्हणजे मनाला शांत वाटणं. इराणमध्ये पहिलटकरणींवर एक चाचणी झाली, कळा सुरू असताना जिरेनियमचा वास दिला तर त्यांची भीती कमी झाल्याचं दिसलं, २०१५ मध्ये छापून आलं होतं. आता दवाखान्यात घाबरलेल्या बाईला कोणी प्रेमाने जवळ बसून छान वास दिला तर तिला बरं वाटणारच, त्यात तेलाचा वाटा किती आणि जवळ बसण्याचा किती ते वेगळं करणं अवघडच आहे. पण वासाने मूड बदलतो हे तर आपण रोज अनुभवतो. मी रात्री शिवणकाम करताना डिफ्यूझरमध्ये (वास हवेत पसरवायचं छोटं यंत्र) चार-पाच थेंब टाकते, अर्धा तास चालवून बंद. तासन्‌तास चालू ठेवलं की डोकं धरतं, माझं तरी धरतं.

त्वचा. जंतू आणि बुरशीवर हे तेल काम करतं हे प्रयोगशाळेत बऱ्याच वेळा दिसलंय, पण काचेच्या बशीत जंतू मरणं आणि तुमच्या गालावरची पुटकुळी जाणं यात भरपूर अंतर आहे. तेलकट चेहऱ्याला, पुटकुळ्यांना थोडा फरक पडतो असं वापरणारे सांगतात, मला स्वतःला तेवढा काही चमत्कार दिसला नाही, चेहरा छान वास मारतो एवढं नक्की. सुरकुत्या जातात, वांग जातात, केस परत उगवतात, हे जे लिहिलेलं असतं ना बाटल्यांवर, ते सोडून द्या. केसाच्या तेलात टाका खुशाल, खोबरेलाचा वास ज्यांना आवडत नाही त्या पोरी निदान तेल तरी लावतील.

डास. जिरॅनिऑल डास पळवणाऱ्या प्रॉडक्टमध्ये खरोखर वापरतात, सिट्रोनेलॉल पण, त्यामुळे हातापायाला पातळ करून लावलं तर डास थोडा वेळ लांब राहतात. थोडा वेळच! हे तेल उडून जाणारं आहे, आणि आमच्या उकाड्यात तर आणखी लवकर उडतं, तासाभराने परत लावायची तयारी पाहिजे. डेंगीच्या दिवसांत यावर भरवसा ठेवून पोरांना बाहेर झोपवू नका, मच्छरदाणी ती मच्छरदाणी. गोचिडाबद्दल पण एक मजेशीर गोष्ट वाचली, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना जिरेनियम तेलातला एक घटक तिकडच्या एका जातीच्या गोचिडांना चांगला पळवतो असं प्रयोगात दिसलं. मामेभावाला सांगितलं तर लगेच म्हशीला लावायला निघाला, त्याला थांबवलं, प्रयोगशाळेतलं गोचीड वेगळं आणि तुझी म्हैस वेगळी, गुरांच्या डॉक्टरला विचार आधी.

आता वापरायचं कसं, हे नीट वाचा कारण इथेच लोक गडबड करतात. नुसतं तेल अंगाला कधीच लावायचं नाही. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का, चेहऱ्याला एवढंच. अंगाला मालिश करायला १२ थेंब, म्हणजे २ टक्के. याच्यावर जाऊ नका, जास्त टाकलं म्हणजे जास्त गुण असं नसतं, उलट आग होते. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं, खाज-लाली आली तर ते तेल तुमच्यासाठी नाही. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनलूल ही सगळी युरोपात ॲलर्जी करू शकणाऱ्या वासांच्या यादीत आहेत, तिथे ठराविक प्रमाणाच्या वर असली तर क्रीमच्या लेबलवर नावं छापावी लागतात. नैसर्गिक आहे म्हणजे काही होत नाही हे डोक्यातून काढा, बिब्बा पण नैसर्गिकच आहे.

प्यायचं नाही, चहात टाकायचं नाही, दुधात नाही. गरोदर बायकांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर लावून दार बंद करू नका, मांजराच्या शरीराला ही तेलं नीट पचवता येत नाहीत. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकायची पण एक फॅशन आहे, तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पहिल्याच तांब्यात सगळं एका जागी अंगावर येतं. शाम्पूत किंवा लिक्विड सोपमध्ये मिसळून वापरा. कूलरच्या टाकीत टाकणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, तिथेही तेल वरच तरंगतं. एक चांगली गोष्ट मात्र सांगते, लिंबाचं किंवा बर्गमोटचं (लिंबाच्याच कुळातलं फळ) तेल लावून उन्हात गेलं की चट्टे पडू शकतात तसं याचं नाही, उन्हाने ते कातडीवर रिॲक्ट होत नाही. आमच्याकडच्या उन्हात हे महत्त्वाचं आहे.

तेल काढल्यावर खाली जे पाणी उरतं त्याला हायड्रोसोल म्हणतात, ते गुलाबजलासारखं चेहऱ्यावर मारता येतं, आणि खरं सांगू का, घरगुती वापराला मला तेलापेक्षा तेच जास्त आवडतं. सौम्य आहे आणि स्वस्त आहे. भट्टीवाले बरेच जण ते सोडून देतात, नालीत जातं, वाईट वाटतं. उरलेला चोथा मात्र वाया जात नाही, गांडूळखताला जातो नाहीतर वाळवून परत बॉयलरमध्येच जाळतात.

बाजारात घेताना. शेतकऱ्याला किलोला १०-१२ हजार भाव मिळाल्याचं ऐकतो आपण, कधी त्याच्या खाली पण येतो. १२ हजार धरले तर एक ग्रॅम १२ रुपयांना. १० मिलीच्या बाटलीत साधारण ९ ग्रॅम तेल बसतं, म्हणजे नुसत्या तेलाचेच शंभराच्या वर झाले, मग बाटली, लेबल, टॅक्स, कुरिअर, दुकानदाराचा नफा. आता तुम्हीच सांगा, ऑनलाइन ८०-९० रुपयांना १० मिली प्युअर जिरेनियम कसं येईल? येतं ते बहुतेक वेळा पातळ केलेलं नाहीतर कारखान्यातलं जिरॅनिऑल मिसळलेलं. घरी एक ढोबळ टेस्ट करता येते, पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा आणि वाळू द्यायचा. खाद्यतेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो, शुद्ध असेल तर उडून जातं, फार तर हलका पिवळट रंग उरतो. कारखान्यातल्या जिरॅनिऑलची भेसळ मात्र कागदाला कळत नाही, त्याला लॅबमधली जीसी-एमएस टेस्टच (तेलातले घटक वेगवेगळे करून मोजणारी) लागते, मोठे व्यापारी ती केल्याशिवाय माल उचलत नाहीत.

भेसळीवरून आठवलं, आणि हे सांगायचा मोह मला आवरत नाही. मामीने पहिल्यांदा हे तेल हुंगलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "हाऊ वास तं रोशाना शे!" आणि ती बरोबर होती. रोशा गवत आपल्या सातपुड्याच्या उतारावर आणि तिकडे साक्री-नवापूरकडच्या डोंगरात आपोआप उगवतं, त्याचं तेल म्हणजे रोशेल, जुन्या बायका गुडघ्याला चोळायच्या. त्या तेलात जिरॅनिऑलच मुख्य, चांगल्या मोतिया जातीत ७५-८० टक्क्यांच्या पुढे. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार-पिंपळनेर पट्ट्यात या गवताच्या भट्ट्या लागायच्या, पावसाळा संपता संपता गवत फुलावर आलं की ओढ्याकाठी. तेल मुंबईला जायचं, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातून पार तुर्कस्तानपर्यंत, आणि युरोपच्या बाजारात त्याला चक्क इंडियन जिरेनियम किंवा टर्किश जिरेनियम म्हणायचे! तुर्कस्तानात त्याचं करायचे काय, तर गुलाबाच्या अत्तरात भेसळ. गुलाबाच्या पाकळ्यांवर हे तेल शिंपडायचं आणि मग भट्टीला लावायचं, म्हणजे दोन्ही एकजीव होऊन निघायचं आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. म्हणजे आमच्या खान्देशातल्या गवताने त्या काळात किती राजवाड्यांमधल्या बायका गुलाबाच्या म्हणून सुवासिक झाल्या असतील कोणास ठाऊक. अभिमान बाळगावा का लाज, मला ठरवता येत नाही, पण मी अभिमानाकडे झुकते.

म्हणूनच मला कधी कधी वाटतं, आपण ४४-४५ अंशाच्या प्रदेशात, काळ्या चिकण मातीत, डोंगरातलं थंड हवेचं जिरेनियम ड्रिपवर जगवतोय, ठीक आहे, पैसे मिळतात तोवर लावा, गुरं खात नाहीत, रोही आणि डुकरं तोंड लावत नाहीत हा फार मोठा फायदा आहे, कपाशी-मका करणाऱ्याला विचारा याची किंमत. पण पाणी साचलं की मुळं सडतात आणि पावसाळ्यात ओळीच्या ओळी बसतात, भावाच्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात तेच झालं. आणि रोशा? ते बिचारं खडकाळ उतारावर, कमी पाण्यात, आपल्या आपण उभं आहे. तेलाला भाव जिरेनियमपेक्षा कमी, हे खरं. पण खर्चही कमी.

माझ्या साबणात मी हल्ली दोन्ही एकत्र टाकते. तीन भाग रोशेल आणि एक भाग जिरेनियम. रोशेलचा वास थोडा गवताळ, लिंबाच्या बाजूचा असतो, जिरेनियम त्याला गोलाई देतं, आणि खर्च निम्म्याच्या आसपास येतो. साबण करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, तेल सगळ्यात शेवटी, मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर टाकायचं, नाहीतर उष्णतेने वास उडतो. एक किलो तेला-तुपाच्या साबणाला मी २० ग्रॅमच्या आसपास सुगंधी तेल घेते, लहान मुलांच्या साबणाला काहीच नाही. उरलेलं तेल गडद काचेच्या बाटलीत, बूच घट्ट, आणि मार्च लागला की सरळ फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात. पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवलं तर हवा आणि उष्णतेने ते खराब होतं, वास उतरतो आणि अशा जुन्या तेलाने कातडीला त्रास व्हायची शक्यता जास्त. प्लास्टिकच्या बाटलीत तर नकोच, तेल प्लास्टिक खातं. फ्रिजमध्ये ठेवताना बाटलीवर मोठ्या अक्षरात "पिऊ नये" लिहा, आमच्या घरी पाहुणे आले की फ्रिज उघडतात आणि जे दिसेल ते हुंगतात.